स्वावलंबनाची बॅच

आमच्या मुलीचं विद्यापीठ एका संत्र्यापायी हुकायची वेळ आली होती.

शर्वरी तेव्हा अकरा वर्षांची, रायस्वाइकच्या शाळेत प्राथमिकच्या शेवटच्या वर्षाला. इथे नेदरलँड्समध्ये त्याच वर्षी ठरतं की पोर पुढे कुठे जाणार. फेवेओ म्हणजे सरळ विद्यापीठाचा रस्ता, हावो म्हणजे त्याच्या एक पायरी खाली. (हावोची मुलंही उत्तम शिकतात, छान जगतात, असं मला चारजणांनी सांगितलं आणि चारही वेळा मी मान डोलावली. पण पुण्यात वाढलेल्या बाईला त्यातलं 'एक पायरी खाली' एवढंच ऐकू येतं.) फेब्रुवारीत एक परीक्षा असते खरी, पण त्याआधी जानेवारीत वर्गशिक्षिका आपलं मत देतात आणि सगळं वजन त्या मताला. परीक्षेबद्दल शाळेचं म्हणणं इतकंच, की कृपा करून तयारी करून घेऊ नका, मुलांना वेळेवर झोपवा.

तयारी करून घेऊ नका! मी स्कॉलरशिपच्या दोन परीक्षा, प्रज्ञाशोध, दहावी, बारावी आणि इंजिनिअरिंगची प्रवेश परीक्षा दिलेली बाई. माझ्या बारावीच्या वर्षी आमच्याकडे पाहुण्यांना बंदी होती. सख्ख्या आत्याला जिन्यातूनच पेढे देऊन परत पाठवलं होतं. अशा घरातल्या बाईला 'वेळेवर झोपवा' हा अभ्यासक्रम पुरेल कसा?

तरी मी निर्धास्त होते, कारण शर्वरीचं गणित पक्कं, वाचन पक्कं. म्हणून ऑक्टोबरमध्ये शाळेत भेटायला बोलावलं तेव्हा मी आणि माझा नवरा मंदार कौतुक ऐकायच्या तयारीनेच गेलो. युफ आनेके, म्हणजे आनेकेबाई (इथे बाईंना नावाने हाक मारतात, मला अजून अवघड जातं), त्यांनी कॉफी दिली आणि शांतपणे संत्र्याचं प्रकरण काढलं. शाळेची सहल गेली होती. मधल्या सुट्टीत सगळी मुलं खात होती आणि शर्वरी हातात न सोललेलं संत्रं घेऊन उभी होती. बाईंनी विचारलं, काय झालं? तर तिने संत्रं बाईंच्या पुढे धरलं.

"ती हुशार आहे," बाई म्हणाल्या, "पण कोणी सुरुवात करून दिल्याशिवाय ती सुरुवात करत नाही. आठवड्याचं काम दिलं की विचारते, आधी कुठलं करू? फेवेओला स्वतःचं स्वतः आखावं लागतं. आज विचाराल तर मी हावो म्हणेन. जानेवारीत पक्कं सांगते."

माझ्या तोंडचं पाणी पळालं. मंदारने मात्र पेन काढलं आणि विचारलं, स्वावलंबनासाठी कुठलं पुस्तक वापरावं? बाई हसल्या. आम्ही दोघं पेन धरून वाट बघतोय हे लक्षात आल्यावर हसू आवरून म्हणाल्या, पुस्तक नाही, तिला जरा मोकळं सोडा. बाहेर सायकलीचं कुलूप काढताना मंदार म्हणाला, "मोकळं सोडा म्हणजे किती? रोज अर्धा तास पुरेल?"

मी म्हटलं, शनिवार-रविवारी एक तास.

झालं, दुसऱ्या दिवसापासून आमच्याकडे स्वावलंबनाचा अभ्यास सुरू झाला. मंदारने टाइमटेबल काढून फ्रिजवर लावलं. गणित, डच वाचन आणि मग 'स्वतःहून काहीतरी करणे'. पहिल्या दिवशी मी ऐटीत सोफ्यावर बसून तिला म्हटलं, चल, आता स्वतःहून दप्तर भर.

"ओके. आधी काय घालू?"

"ते तूच ठरवायचंस."

"हो, पण राइट आन्सर काय आहे?"

मी कपाळावर हात मारला आणि कंपास तिच्या हातात दिला.

पुण्याला माझ्या वडिलांना व्हिडिओ कॉलवर हे कळलं. आप्पा गणिताचे निवृत्त मास्तर. त्यांनी सगळं ऐकून घेतलं आणि म्हणाले, "घाबरू नकोस. मागच्या वर्षीचे पेपर मिळव." मागच्या वर्षीचे पेपर नसतात म्हटल्यावर त्यांनी स्वतः बसून काढले. प्रश्न पहिला : आई घरी नाही, दूध उतू जात आहे, काय कराल? प्रश्न दुसरा : सायकलची चेन पडली आहे, तुम्ही एकटे आहात, कारणांसह लिहा. सोबत आदर्श उत्तरं. शर्वरीने ती आदर्श उत्तरं आठवड्यात तोंडपाठ केली आणि पेपरात पैकीच्या पैकी मिळवले. दूध तेवढ्यात खरोखर उतू गेलं, ते कोणाच्या लक्षात आलं नाही.

अशा गोष्टी लपून राहत नाहीत. फोरबर्गला राहणारी माझी मैत्रीण प्राजक्ता, तिच्या अद्वैतलाही शाळेतून हीच तक्रार. तिचा फोन आला की तुझ्याकडे म्हणे बॅच आहे? बॅच नव्हती, पण मला नाही म्हणवेना. (लष्कराच्या भाकऱ्या भाजायला मी जन्मापासून तयार.) मग दर बुधवारी अर्धी शाळा सुटली की आमच्या जेवणाच्या टेबलाभोवती चार मराठी मुलं रांगेत बसून स्वावलंबी होऊ लागली. मी मागे हात बांधून फेऱ्या मारायची. कोणी शेजारच्याचं बघून स्वतःहून काही केलं की ओरडायची.

जानेवारी जवळ आला तशी माझी पाचावर धारण बसली. लेखी झालं, पण प्रात्यक्षिकाचं काय? म्हणून एका शनिवारी मी जाहीर केलं की शर्वरी एकटी सायकलवर सुपरमार्केटमध्ये जाणार. उद्या श्रीखंड करायचंय, त्याला लागेल ते तिनेच ठरवून आणायचं. यादी नाही. सूचना नाही. तिने डोळे मोठे करून विचारलं, "आणि तू?"

"मी घरीच. फारच अडलं तर फोन कर."

ती वळणावर दिसेनाशी झाली आणि मी मंदारची काळी हुडी चढवली. वर पावसाळी जाकीट, तोंडावर मफलर. मंदारला म्हटलं, तू बाहेर सायकल स्टँडपाशी थांब. तो म्हणाला, हे बाईंना चालेल का? मी म्हटलं, परीक्षेला सुपरवायझर असतोच.

आत मी पावाच्या मांडणीआडून पाहत होते. शर्वरी दुधादह्याच्या कपाटापुढे उभी राहिली. उभीच राहिली. मला तिथे जाऊन तिच्या कानात सांगावंसं वाटत होतं की अगं, डावीकडे, खालच्या खणात, मोठी बादली. पण मी दात आवळून धरले. शेवटी तिने हात लांब केला आणि भलताच डबा उचलला! हांगओप. ते इथे गोड म्हणून वाडग्यात घालून खातात. श्रीखंडाला दही लागतं, आणि ही बया पुडिंग घेऊन निघाली. डबा बास्केटमध्ये, बास्केट जमिनीवर, आणि ही पलीकडे वेलदोडा शोधायला वळली.

इथे कोणतीही पुणेरी आई थांबली असती तर सांगा. मी पुढे झाले, वाकले, हांगओप काढून दही ठेवलं आणि मागे सरले. इतकं सफाईने जमलं की माझं मलाच कौतुक वाटलं.

तेवढ्यात खांद्यावर हात पडला. दुकानात काम करणाऱ्या एक धिप्पाड बाई होत्या. तोंड झाकलेली बाई एका लहान मुलीच्या मागे मागे फिरतेय आणि तिच्या बास्केटमध्ये हात घालतेय, हे त्या मघापासून बघत होत्या. त्यांनी माझी बाही धरली ती सोडली नाही. शर्वरीला जवळ बोलावून त्यांनी डचमध्ये प्रेमाने विचारलं, बाळा, तू या बाईंना ओळखतेस का?

मी मफलर खाली ओढला. शर्वरीने माझ्याकडे पाहिलं, मग बास्केटमधल्या दह्याकडे पाहिलं. पुन्हा माझ्याकडे पाहिलं.

"नाही," ती म्हणाली.

दही परत कपाटात ठेवलं, माझ्या हातातला हांगओपचा डबा काढून घेतला, बाईंना थँक्यू म्हटलं आणि काउंटरकडे निघून गेली.

पुढचा प्रसंग सांगायला मला आजही लाज वाटते. माझं डच अशा वेळी आटतं. मी 'आई, आई' म्हणत राहिले आणि त्या म्हणाल्या, मुलीचा एखादा फोटो दाखवा. मी फोन उघडला. वर सरकवते, खाली सरकवते, तर गणिताच्या वह्या, टाइमटेबल, आप्पांचे पेपर, चुकलेली उदाहरणं, बरोबर केलेली उदाहरणं. मुलीचा चेहरा म्हणून नाही. त्या बाईंसमोर उभं राहून मला रडू फुटायचंच बाकी होतं. गेले कित्येक महिने मी तिचे फोटो काढत होते की तिच्या उत्तरांचे?

आणि दुष्काळात तेरावा महिना म्हणतात तसं, त्याच क्षणी ट्रॉली ढकलत युफ आनेके आल्या. त्यांनी हुडी पाहिली, मफलर पाहिला, माझी धरलेली बाही पाहिली. मग दुकानातल्या बाईंना म्हणाल्या, हो, ही शर्वरीचीच आई. माझी सुटका झाली. शर्वरी कुठेय, त्यांनी विचारलं. मी म्हटलं, गेली घरी. एकटी? एकटी. त्या भाजीकडे वळल्या.

बाहेर मंदार नव्हता. शर्वरी त्याला "बाबा, आई बिझी आहे" असं सांगून निघाली होती आणि तो आज्ञाधारकपणे तिच्या मागे गेला होता. मी तणतणत घरी पोचले. स्वतःच्या आईला ओळखत नाहीस? लाज नाही वाटत? शर्वरी वाडग्यात काहीतरी फेटत होती. वर न बघता म्हणाली, "हो म्हटलं असतं तर तू सगळं केलं असतंस. आय वॉन्टेड टु फिनिश इट."

राग आला होता तो कुठे गेला कळलं नाही. मी चमचा घेऊन चाखलं. हांगओप म्हणजे फडक्यात टांगून पाणी काढलेलं दही. म्हणजे चक्का! इतकी वर्षं मी इथे रात्रभर नळाला दही टांगत आले आणि तो चक्का कपाटात तयार मिळत होता. तिने डब्यावरचं वाचलं होतं. मी कधी वाचलं नव्हतं, कारण मला माहीतच होतं ना सगळं.

जानेवारीत बाईंनी आम्हा तिघांना बोलावलं. मी तोंड उघडलं नाही. (मंदारने माझ्या पायावर पाय ठेवला होता.) बाईंनी शर्वरीला विचारलं, तुला काय वाटतं? ती म्हणाली, मला फेवेओ जमेल, आठवड्याचं काम मी आता रविवारी आखते, आईला दाखवत नाही. मला हे नवीन होतं. बाई म्हणाल्या, मलाही तसंच वाटतं, आणि त्यांनी फेवेओ लिहिलं. सोलायला कोणी नव्हतं, शर्वरीने तिचं तिचं ठरवलं होतं.

त्या संध्याकाळी मी बॅच बंद केली. टाइमटेबल फाडलं. आप्पांना फोन करून सांगितलं की मुलांना मोकळं सोडावं लागतं, शिकवून ते येत नाही. असं बरंच शहाण्यासारखं बोलले. मग प्राजक्ताचा फोन आला. अद्वैतची भेट पुढच्या आठवड्यात होती आणि तिचा जीव टांगणीला लागला होता. तू नक्की काय केलंस ते सांग, म्हणाली. मी म्हटलं, खरंच काही नाही गं, शर्वरीने भर दुकानात मला ओळखायला नकार दिला, आणि मला पकडलेलं बाईंनी पाहिलं, एवढंच.

पलीकडे कागदाची सळसळ ऐकू आली.

"कुठलं दुकान?" प्राजक्ताने विचारलं. "आणि अद्वैतच्या बाई कधी येतात ते कसं काढायचं?"

आणि मी, मुलांना मोकळं सोडायला शिकलेली मी, खुर्ची ओढून बसले आणि तिला म्हटलं, "शनिवारी सकाळी जा. मफलर घट्ट बांध. आणि घाई करू नकोस, आधी एकदा घरी सराव करू."