ब्रिगेडियरच्या उजव्या हाताची खुर्ची

यतीन घोरपडे लेस्टरच्या हॉस्पिटलात भूल देणारे डॉक्टर. पण डॉक्टर म्हटलेलं त्यांना खपायचं नाही. मेजर म्हणा. सोमवार ते शुक्रवार हॉस्पिटल, वीकेंडला ब्रिटिश फौजेच्या राखीव मेडिकल तुकडीत. वय आता असं की यंदा लेफ्टनंट कर्नल झाले तर राहतील, नाहीतर घरी.

म्हणून त्यांनी सतीश सबनीसला धरलं. मिरजेच्या कॉलेजातला दोस्त, हाडांचा डॉक्टर, ब्रिगेडियरबरोबर गोल्फ खेळणारा. रविवारी घोरपड्यांकडं तांबडा रस्सा ओरपायचा आणि म्हणायचा, "गड्या, निवांत ऱ्हा. मी शब्द टाकलाय."

"टाकलाय की टाकताय?" सुलक्षणावहिनी आतून विचारायच्या.

"वहिनी, तुमचा भरवसाच न्हाई माझ्यावर!"

"तुमच्या भुकेवर आहे की!"

मध्यंतरी घोरपड्यांचा डावा गुडघा धरला. बायकोलाही पत्ता लागू न देता त्यांनी तो सतीशला दाखवला.

"कुणाला बोलू नगंस लेका. फिटनेसमध्ये अडकीन."

"गळ्याशप्पथ."

सतीशचा जावई साकेत त्याच तुकडीत मेजर. तंबूत इस्पितळ कसं थाटायचं ते त्याला घोरपड्यांनीच शिकवलेलं. कर्नलच्या जागेवर त्याचाही डोळा होता, पण सतीशच म्हणाला होता, "पोरगं लहान हाय, थांबंल की."

मे महिन्यात तुकडीच्या ऑफिसर्स मेसमध्ये दुपारच्या जेवणाचं बोलावणं आलं, जोडीनं. सतीशचा फोन, "नवा कोट घाल. तुझंच जेवण हाय."

साकेतनं अदबीनं त्यांना ब्रिगेडियरच्या उजव्या हाताला नेलं.

"अहो, साहेबाशेजारी! झालंच की काम," वहिनी कुजबुजल्या.

घोरपडे खुर्चीची पाठ धरून उभेच राहिले. त्या मेसमध्ये ही खुर्ची निरोप घेणाऱ्याची. कितीजणांना त्यांनी स्वतः हात धरून इथं बसवलं होतं, टाळ्या वाजवल्या होत्या.

जेवण झाल्यावर ब्रिगेडियर प्रेमानं बोलला. यतीनचे गुडघे थकलेत, त्याला आता बागेत बसायचंय, पण भिडेपोटी तो सांगत नाही, हे सतीशनं वेळेवर कानावर घातलं, म्हणून त्याचं नाव पुढं पाठवलं नाही. नवा कर्नल साकेत.

उत्तराचं भाषण करायचा रिवाज होता. घोरपडे उठले. कोट काढून वहिनींच्या हातात दिला आणि तालमीत मारतात तशी एक बैठक मारली. मग दुसरी. मग तिसरी.

लोकांना वाटलं, गंमत. टेबलं बडवली, हशा उसळला. सतीश तेवढा बशीत बघत राहिला.

पार्किंगमध्ये तो मागं पळत आला. "यत्या, मानानं गेलास की रं! पोरीनं जीव खाल्ला माझा. रविवारी येतो, बोलू."

"जा की," घोरपडे म्हणाले. "साकेतकडं. रस्सा तुझी लेक करील."

गाडीत बसताना डावा पाय आत घेता येईना. वहिनींनी तो दोन्ही हातांनी उचलून आत ठेवला.

"कधीपासून?" त्यांनी विचारलं.

"सतीशला ठाऊक हाय," घोरपडे म्हणाले, आणि त्यांनी दार ओढून घेतलं.