गाठीत शिरलेला फुटीर

मी अक्षरं शिकले ती पत्रकांवरून. वडील सिन्नरच्या विडी वळणाऱ्या बायकांच्या संघटनेचं काम करायचे. पत्रकाबाबत त्यांचा नियम होता: जे आपल्या हातात नाही ते छापायचं नाही. मागण्या छापा, शिव्या छापा, खोटी आशा छापू नका.

आम्ही नाशिकला द्वारका चौकाजवळ राहायला आलो आणि काही वर्षांनी त्यांना फुप्फुसाचा कॅन्सर झाला. मालकाविरुद्ध भाषण करतानाही त्यांच्या हातात विडी असायची, त्यामुळे आश्चर्य कुणालाच वाटलं नाही. हॉस्पिटलात रेडिएशन सुरू होतं. तेवढ्यात एका खाजगी दवाखान्याची जाहिरात आली: स्टेम सेलच्या इंजेक्शनने कॅन्सर बरा. आईने परस्पर सोमवारची वेळ घेतली. रेडिएशन सोडून तिकडे जायचं, असं तिने ठरवूनच टाकलं होतं. मी त्या दवाखान्यावर मोर्चा न्यायला निघाले, तर ती म्हणाली, मोर्चाने यांचा खोकला थांबतो का ते आधी सांग.

माझी आतेबहीण, ताई, पुण्याला प्रयोगशाळेत याच स्टेम सेलवर, म्हणजे मूळपेशींवर, काम करायची. आईने तिला बोलावून घेतलं. शनिवारी ती आली, तेव्हा आईने तिला स्वयंपाकघरातच गाठलं आणि हळूच म्हणाली, "खरं काय ते नंतर सांग. आत्ता त्यांना फक्त हो म्हण."

ताई बाहेर येऊन वडिलांच्या कॉटवर बसली. वडील म्हणाले, "या पेशींचं काय ते पत्रकात लिहायचंय असं समजून सांग."

तिने सांगितलं. हाडांच्या मज्जेत काही मूळपेशी असतात. शरीरात कुठे जखम झाली की त्या तिकडे दुरुस्तीला धावतात. कॅन्सरची गाठही त्यांना जखमच वाटते. म्हणून प्रयोगशाळेत त्यांच्यात एक जनुक घालायचं आणि त्यांना रक्तात सोडायचं. त्या गाठीत शिरतात आणि जनुकाच्या जोरावर असं द्रव्य तयार करतात, की ज्याने कॅन्सरच्या पेशी मरतात आणि शेजारच्या चांगल्या पेशी बहुतेक वाचतात.

वडील उठून बसले. इतकं खूश मी त्यांना संप जिंकल्यावरच पाहिलं होतं. "म्हंजे गाठीला वाटतं, आपलीच माणसं आली," ते म्हणाले. "मालक आमच्या संपात फुटीर घुसवायचे, तसंच हाय हे. लय भारी. फुटीर माणसाबद्दल आज पहिल्यांदा चांगलं ऐकतोय."

हसता हसता खोकल्याची उबळ आली. ती ओसरल्यावर त्यांनी विचारलं, "हे माणसांना देतात का?"

आई दारात उभी होती. ताईने तिच्याकडे पाहिलं नाही.

"नाही मामा. आम्ही उंदरांना देतो. बऱ्याच उंदरांच्या गाठी लहान झाल्या. माणसापर्यंत यायला वर्षं लागतील, आणि येईलच असंही मी सांगू शकत नाही. त्या दवाखान्यात काय टोचतात ते मला माहीत नाही, पण हे नाही. रेडिएशन सोडू नका."

हे सांगताना तिचा आवाज स्थिर होता, पण हात मामाच्या पायावर होता. मी तोवर सगळं धैर्य व्यासपीठावरच पाहिलेलं. ज्या माणसाने आपल्याला खांद्यावर बसवून सिन्नरचा बाजार दाखवला, त्याला तोंडावर नाही म्हणणं कुठल्याही भाषणापेक्षा अवघड असतं, हे मला त्या कॉटपाशी कळलं.

वडील म्हणाले, "कागद घे. पत्रक काढू." ते सांगत गेले, मी लिहीत गेले, ताई दुरुस्त करत गेली. शेवटी 'हे औषध लवकरच येईल' असं मी घातलं. वडिलांनी ताईकडे बघितलं. तिने नकारार्थी मान हलवली. त्यांनी ते खोडायला लावलं आणि त्या जागी लिहायला सांगितलं: 'शोधणारे शोधत आहेत. औषध अजून आलेलं नाही.'

आई रविवारभर ताईशी बोलली नाही, फक्त जेवताना तिने ताईच्या ताटात दुसरी भाकरी वाढली.

सोमवारी रिक्षा आली. मी आईकडे पाहिलं. वडिलांना हाताने धरून आत बसवत ती रिक्षावाल्याला म्हणाली, "हॉस्पिटलात घ्या. यांचं रेडिएशन आहे." मग सकाळीच छापखान्यातून आलेलं, ओल्या शाईचं आमचं पत्रक पिशवीतून काढून तिने त्याच्या हातात दिलं.