आर्द्रेनंतरचे नक्षत्र

हे मी आजवर कोणाजवळही बोललेलो नाही. पत्नीजवळ नाही, मुलांजवळ नाही, आणि ज्याच्यापुढे रोज सकाळी हात जोडतो त्या देवाजवळही नाही. पूजेच्या अखेरीस मी क्षमापनाचे श्लोक म्हणतो. जाणता-अजाणता घडलेल्या अपराधांची क्षमा त्यात मागायची असते. इतकी वर्षे मी ही गोष्ट ‘अजाणता’ या शब्दाखाली सरकवून पुढे जात होतो. अजाणता? — नाही. पण ते क्रमाने सांगतो. एका दमात सांगण्याचे धैर्य मला अजून आलेले नाही.

मी रिठदचा. तालुक्याच्या शाळेत संस्कृत शिकवले आणि निवृत्त झालो. पाडव्याला गावच्या मंदिरात पंचांग वाचतो. मृगाचे वाहन कोणते, आर्द्रा कशी जाणार, हस्त बरसणार की नाही, हे ऐकायला सारे गाव जमते. पावसाची नक्षत्रे इथे शाळेत न गेलेल्या माणसालाही ओळीने येतात. हे लक्षात असू द्या. पुढे जे सांगणार आहे त्याचे सारे ओझे यावरच आहे.

माझी पत्नी यमुना चौथीपर्यंत शिकली. तिचे वडील अनसिंगला भिक्षुकी करीत. त्यांच्या शेजारी बसून, नुसते ऐकून, तिला पंचांग येत असे. मी शाळेत असलो की गावच्या बाया मागल्या दाराने येत. “काकू, मृग कवा लागते वं?” यमुना तांदूळ निवडता निवडता तिथी, वार, घटका सांगे. चुकत नसे. मी घरी आलो की त्या बाया पदर सावरून निघून जात. — मला ते आवडत असे का? खरे सांगायचे तर, नसे.

त्या काळी दुपारच्या वेळी टीव्हीवर एक खेळ लागत असे, ‘जोडीची पाटी’ नावाचा. तुम्हाला आठवण्याचे कारण नाही. तो दोन-तीन महिन्यांतच बंद पडला. पण ते दोन-तीन महिने किती गोड होते! गावात टीव्ही मोजके. पाटलांच्या ओसरीवर दुपारचे ऊन अडवायला गोणपाट लावीत आणि पन्नास माणसे दाटीने बसत. खेळ अगदी साधा होता. नवरा-बायकोच्या तीन जोड्या, मधे लाकडी आडोसा, प्रत्येकापुढे एक पाटी. प्रश्न विचारला की दोघांनी आपापले उत्तर लिहायचे, घंटा झाली की पाटी पालथी घालायची आणि मग एकदम वर धरायची. दोन्ही पाट्यांवर तेच बरोबर उत्तर असेल तर गुण. त्या पाट्या वर जातानाची ती छोटी ढोलकी मला आजही ऐकू येते.

यमुनेनेच पत्र धाडले होते. बोलावणे आले. आम्ही दोघे एसटीने नागपूरला गेलो. तिने हिरवे लुगडे नेसले होते आणि वाटभर ती मला नद्यांची, ऋषींची, महिन्यांची नावे विचारीत होती. जिंकणाऱ्या जोडीला शिवणयंत्र मिळणार होते. “ते माह्या खिडकीपाशी ठेवू,” असे ती दोनदा म्हणाली.

चार प्रश्न आम्ही जिंकलो. शेवटचा प्रश्न आला: पावसाच्या नक्षत्रांत आर्द्रेनंतर कोणते?

असा प्रश्न! माझ्यासाठी! मी हसलोसुद्धा. आणि मी लिहिले — पुष्य.

कसे लिहिले, ते मला आजही कळत नाही. दिव्यांचा ताप होता, घाई होती, गर्व होता. पाटी पालथी घातली. मदतनिसाने मधला आडोसा काढून नेला. सूत्रसंचालक आधी दुसऱ्या जोड्यांकडे गेले आणि यमुना तिकडे पाहून त्यांच्यासाठी टाळ्या वाजवू लागली. मी तिच्या पाटीची कड बोटाने जराशी उचलली. पुनर्वसू.

त्या क्षणी मला शिवणयंत्र दिसले नाही. दिसली ती पाटलांची ओसरी. दिसला पाडवा, दिसले मंदिर, आणि पंचांग घेऊन बसलेला मी. सारखे करून ठेवतो आहे असे दाखवीत मी दोन्ही पाट्यांवर हात ठेवला — आणि त्या बदलल्या.

हेच ते.

ढोलकी वाजली. पाट्या वर गेल्या. सूत्रसंचालक म्हणाले, “अहो वहिनी, पंडितांच्या घरात राहून पुष्य?” सारे सभागृह हसले. यमुनेने मान खाली घातली आणि ती काहीच बोलली नाही. निदान माझ्या आठवणीत ती बोलली नव्हती. तिला काही कळले नाही, आपल्याच हातून चुकले असे तिला वाटले, अशी मी स्वतःची समजूत घातली होती. त्या समजुतीवर मी इतकी वर्षे झोपलो.

गावात काय झाले? बायांचे मागल्या दाराशी येणे हळूहळू थांबले. “काकूले नका इचारू वं, थे पुष्य सांगन!” अशी थट्टा चाले आणि यमुना त्यांच्याबरोबर हसे. कोणी चुकून काही विचारलेच तर “थांब, यायले इचारते,” म्हणून ती माझ्याकडे येई. उत्तर तिला ठाऊक असे. मला ते तिच्या डोळ्यांत दिसे. पाडव्याला ती पुढे बसत असे, ती मागे खांबापाशी बसू लागली. पुनर्वसू हे नाव तिच्या तोंडून मी पुन्हा ऐकले नाही. त्या पावसाला ती नुसते ‘पुढचं नक्षत्र’ म्हणते.

मी हे सारे पाहत होतो. पाहत होतो आणि दर पाडव्याला पंचांग वाचत होतो.

गेल्या महिन्यात आमची नात मुक्ता धावत आली. कोणीतरी जुन्या फितींवरून त्या खेळाचे भाग मोबाइलवर टाकले होते. सारे घर भोवती जमले. आणि मी — आता पंच्याहत्तरी उलटलेला मी — त्या एवढ्याशा पडद्यावर हिरव्या लुगड्यातली यमुना पाहिली. पाट्या वर गेल्या. हशा झाला. यमुनेने आपल्या हातातली पाटी वळवून वाचली. मग माझ्या हातातली वाचली. मग तिने माझ्याकडे पाहिले. सावकाश, पुरते पाहिले. आणि ध्वनिक्षेपकाकडे वळून ती स्पष्ट म्हणाली, “चुकलं जी माह्यं. यायनं शिकवलं व्हतं, मीच इसरली.”

ती बोलली होती! तिला त्याच क्षणी सारे कळले होते, आणि तिने ते माझ्यासाठी झाकले होते. मी तिला शिकवले नव्हते. तिच्या वडिलांनी शिकवले होते. तिने तेही मला देऊन टाकले. आणि तिचे ते शब्द मी माझ्या आठवणीतून पुसून टाकले होते. माणूस असे करू शकतो? मी केले होते. मीच, ज्याला पाठांतराचा अभिमान आहे.

“आजी, पुष्य काहून लिहिलं वं तू?” मुक्ता हसत होती.

“घाबरली व्हती माय. येवढाले दिवे व्हते तोंडावर.”

मग मुक्ताने चित्र थांबवले आणि बोटांनी मोठे केले. मी आधी शिरोरेघ ओढतो आणि मग तिला अक्षरे टांगतो. त्यामुळे माझी रेघ शब्दाच्या पुढे लांब राहते. मुक्ताला अक्षरे मीच शिकवली आहेत. यमुना शिरोरेघ देतच नाही. पडद्यावर पुष्यवरची रेघ पाटीच्या चौकटीला टेकली होती, आणि माझ्या हातातल्या पाटीवर रेघच नव्हती.

“आबा, हे अक्षर तुमचं दिसून राह्यलं.”

सारे माझ्याकडे पाहू लागले. इतक्या वर्षांनी दार आपण होऊन उघडले होते. मला एकच शब्द बोलायचा होता — होय.

मी म्हणालो, “जुनी फीत आहे. चित्र हलते.”

यमुनेने मोबाइल पालथा घातला. “माह्यीच पाटी व्हय ते. तवा मी यायचं पाहून तसंच गिरवत जाय. चला, जेवाले बसा.” मुक्ताने आजीकडे पाहिले, मग माझ्याकडे पाहिले, आणि ती ताटे मांडायला उठली. जेवताना यमुनेने मला नेहमीप्रमाणे आधी वाढले.

तरुणपणी भीतीने हात पुढे गेला, असे म्हणता आले असते. पण गेल्या महिन्यात? त्या दिवशी कोणती ओसरी होती? समोर माझीच माणसे होती.

हा मजकूर रिठदमध्ये वाचला जाईल. म्हणून मी त्यात गावाचे नाव बदललेले नाही, तिचेही नाही आणि नक्षत्राचेही नाही. आर्द्रेनंतर पुनर्वसू, हे यमुनेने लिहिले होते. पुष्य मी लिहिले, आणि तिच्या हातात दिले.