चौदा नंबरचा पेपर

रोज सकाळी मी बैलगाडी घेऊन अग्रहारातून, म्हणजे ब्राह्मणआळीतून, निघते, दारोदार हाका मारते, मुली गोळा करते आणि शाळेत आणून सोडते. संध्याकाळी परत घरोघर पोचवते. गाडीच्या गवतात रोज काही ना काही राहिलेलं सापडतं. रिबीन, पाटीवरची पेन्सिल, अर्धी चकली. किस्स्यांचंही तसंच. मी मुद्दाम गोळा करत नाही हो! पण मुली बोलतात, दारातल्या बायका बोलतात, कमिटीतले लोक मी तिथं उभी आहे हे विसरून बोलतात. आणि सगळं माझ्या गाडीत पडून राहतं.

मी तुळसा. आमचे पणजे तलवार घेऊन म्हैसूरच्या फौजेत आले, माझ्या वाट्याला गाडीची घंटा आली. चार यत्ता शिकले आहे. शाळेत सगळे तुळसक्का म्हणतात.

आमच्या शाळेच्या कपाटात ठरावाचा एक कागद आहे. ‘मुलींचा शास्त्राचा वर्ग बंद करावा.’ खाली सहीची जागा कोरी. ती कोरी का राहिली हे गावात जो तो आपल्या परीनं सांगतो, आणि सगळे खोटं सांगतात! म्हणून लिहायला बसले.

* * *

आमचे वेंकोबाराव मेष्टर आधी मेष्टर नव्हते. वीस वर्षं ते कोलारकडच्या सोन्याच्या खाणीत लॅबोरेटरीत होते. दगड यायचा, तो कुटायचा, भट्टीत घालायचा आणि त्यात सोनं किती ते सांगायचं. साहेबलोक त्यांना खुर्ची द्यायचे. चव्वेचाळिसाव्या वर्षी, डोक्यावरचे निम्मे केस पिकल्यावर, हा माणूस ती नोकरी सोडून मुलींच्या शाळेत शिकवायला आला.

मग काय! प्रत्येक ओसरीवर एकच बोलणं. “सोनं चोरलं असणार. हाकलला असणार.”

मी गाडी थांबवून एका ओसरीला विचारलंच, “चोरलं असतं तर बंगला बांधून बसला असता. तुमच्या पोरींची शेंबडी नाकं बघायला कशाला आला असता?”

कमिटीचे अध्यक्ष म्हणजे निवृत्त अमलदार. सगळ्या तालुक्यावर हुकूम चालवून आलेले, आता हुकमाला आमची शाळाच उरली होती. त्यांनी मुलाखतीत विचारलं, “एवढी मोठी नोकरी सोडायचं कारण काय?”

मेष्टर म्हणाले, “वीस वर्षांत एकाही दगडानं मला प्रश्न विचारला नाही.”

कमिटी हसली. मेष्टर हसले नाहीत. मी दाराशी पाण्याचा तांब्या घेऊन उभी होते, मीही हसले नाही.

* * *

त्यांच्या बायकोचं, रमाबाईंचं, मला वाईट वाटायचं. नळावर एकदा म्हणाल्या, “तुळसक्का, खाणीवर होतो तेव्हा हळदीकुंकवाला पहिल्या रांगेत पाट असायचा. आता मेष्टरीण झाले, तर दाराजवळ बसवतात. चपलांशेजारी!”

माझं डोकंच फिरलं. पहिल्या रांगेतल्या त्या बायांनी काय केलं होतं हो? नवऱ्याच्या पगाराला नऊ महिने पोटात वाढवलं होतं?

पुढच्या शुक्रवारी अशाच एका घरी हळदीकुंकू होतं. मी गेले आणि रमाबाईंच्या शेजारी, चपलांपाशी, ऐसपैस बसले. घरधनीण म्हणाली, “अय्यो तुळसक्का, तिथं का? पुढं ये.”

म्हटलं, “नको. इथून सगळ्यांच्या चपला दिसतात. कुणाच्या फाटक्या आहेत ते कळतं.”

आपापल्या चपला पायरीखाली सरकवायला किती बायकांना घाई झाली!

* * *

मोठ्या मुलींना पुरुष शिकवणार म्हटल्यावर कमिटीनं वर्गात पडदा लावला. अलीकडे मेष्टर, पलीकडे सोळा मुली. आता भाषा शिकवायची तर ठीक आहे. पण हा माणूस मेणबत्ती पेटवून, तिच्यावर पेला झाकून विचारतो, “काय दिसलं?”

पडद्याआडून सोळा आवाज. “पडदा, मेष्टर!”

आठ दिवस हे चाललं. नवव्या दिवशी मी पडदा धुवायला नेला.

अजून वाळतोय. तीन वर्षं झाली.

* * *

खाणीच्या सवयी काही सुटल्या नाहीत. सगळं तीनदा तोलायचे. मुलींची हजेरीसुद्धा तीनदा घ्यायचे! आणि पहिल्या सहामाहीच्या रिपोर्टात त्यांनी एका वकिलाच्या मुलीच्या नावापुढं लिहिलं, ‘नमुना अपुरा. मत देता येत नाही.’

वकील तणतणत आले. “माझी मुलगी म्हणजे नमुना?”

“सहा महिन्यांत अकरा दिवस आली,” मेष्टर शांतपणे म्हणाले. “घरी पाहुणे, घरी लोणचं, घरी धाकट्याचं बारसं. एवढ्याशा नमुन्यावर मी दगडाबद्दलही मत दिलं नसतं.”

“मग मी काय करू?”

“जास्त पाठवा.”

दुसऱ्या दिवशी गाडीची घंटा वाजायच्या आधी ती मुलगी रस्त्यावर उभी! मागं वकील, हातात तिचा डबा.

* * *

आता मूळ दुखण्याकडे येते. लोखंड गंजलं की जड होतं की हलकं? सांगा बघू. तुम्हीही हलकंच म्हणणार. गंजानं खाल्लं, मग कमी व्हायलाच हवं. मीही तेच म्हटलं होतं.

मेष्टरांनी लोखंडाचा कीस बशीत घेतला, तोलला, ओला केला आणि आठवडाभर ठेवून दिला. लालभडक झाला. मग उन्हात खडखडीत वाळवून मुलींनाच तोलायला लावला. जड! परत तोलला. जड! तिसऱ्यांदा दरबारच्या पागेतल्या मोतद्दाराची गौरी पुढं झाली. मोतद्दार म्हणजे घोड्यांना खरारा करणारा. तिनं श्वास रोखून तोललं आणि म्हणाली, “मेष्टर, लोखंडानं हवेतलं काहीतरी धरून ठेवलंय!”

मेष्टर खुर्चीत बसले. डोळ्यांत पाणी. म्हणाले, “हा प्रश्न नव्हता, तुळसाबाई. हे उत्तर होतं. आणि मी सांगितलेलं नव्हतं.”

दुसरा प्रयोग पितळी पेल्याचा. पेल्यात पाणी, त्यात सोरा घातला की पाणी गारढोण होतं आणि पेल्याला बाहेरून दव सुटतं. घरोघर म्हणतात पाणी पाझरलं. मेष्टरांनी पाण्यात हळद कालवली. बाहेरचं दव पांढरं स्वच्छ! पाझरलं असतं तर पिवळं नसतं का आलं?

त्या संध्याकाळी गाडीतल्या मुली घरी गेल्या आणि सोळा घरांत भांडणं लागली. अमलदारांची नात इंदिरा आमच्याच वर्गात. तिनं आजोबांना सांगितलं, गंजलेलं लोखंड जड होतं.

आजोबा म्हणाले, “मी तालुका सांभाळलाय. मला लोखंड शिकवतेस?” आणि तिच्या वहीत स्वतःच्या शब्दांत खरं उत्तर सांगून लिहून घेतलं. हलकं होतं. पेला पाझरतो. पाठ करून घेतलं.

* * *

अमलदार दरवर्षी एका मुलीला सद्वर्तनाचं सुवर्णपदक द्यायचे. ते बक्षीस समारंभाआधी आठ दिवस काचेच्या कपाटात ठेवायचे, खाली चिठ्ठी, ‘शुद्ध सोने’. मेष्टरांना सोनं दिसल्यावर राहवतंय होय! तागडीच्या एका बाजूला दोऱ्यानं पदक टांगलं, दुसऱ्या बाजूला मुलींच्या सोन्याच्या बांगड्या आणि अंगठ्या, बरोबर तेवढ्याच वजनाच्या. मग दोन्ही बाजू पाण्यात बुडवल्या. सोनं तर सोनं, तागडी सरळ राहायला हवी.

पदक वर आलं. तीनदा केलं, तीनदा वर आलं.

मी म्हटलं, “मेष्टर, गपचूप ठेवून द्या.”

“ठेवतो की. पण नमुन्यावर चुकीचं लेबल राहू देता येत नाही.”

आणि समारंभाच्या दिवशी सगळ्या पाहुण्यांनी कपाटातली नवी चिठ्ठी वाचली. ‘पितळ. वरून सोन्याचा मुलामा.’

अमलदारांनी दोष सोनारावर ढकलला. पण त्या दिवसापासून मेष्टर त्यांच्या डोळ्यांत सलायला लागले. आणि मला सांगा, पितळेचं पदक देणारा अध्यक्ष राहतो, आणि पितळेला पितळ म्हणणारा उद्धट ठरतो, हा कुठला न्याय?

* * *

वार्षिक परीक्षेला मेष्टरांनी मला बोलावलं. म्हणाले, “तुळसाबाई, पेपरावर नाव नको. तुम्ही नुसता नंबर घाला आणि यादी तुमच्यापाशी ठेवा. नमुना कुणाचा ते तपासणाऱ्याला कळता कामा नये. आमच्याकडे तसंच असायचं.”

मी विचारलं, “आणि तपासणाराच चुकत असेल तर?”

“त्यालाही उपाय होता. आमचे साहेब ढिगात मधूनच एक असा दगड सरकवायचे, ज्यातलं सोनं त्यांना आधीच माहीत असायचं. कुठला ते आम्हाला कळायचं नाही. म्हणून प्रत्येक दगड तोच समजून तपासायचा.”

ही गोष्ट मी डोक्यात नीट बांधून ठेवली.

निकाल लागला. पहिली गौरी, तीसपैकी सत्तावीस. अमलदारांची इंदिरा, नऊ. पाठ केलेलं सगळं उतरवून आली होती बिचारी. रडत माझ्या कुशीत शिरली. “तुळसक्का, मला खरं माहीत होतं. पण आजोबांनी सांगितलेलं कसं खोडू?”

त्या पोरीच्या रडण्याचा राग माझ्या पोटात अजून आहे.

* * *

अमलदारांनी कमिटी बोलावली. मोतद्दाराच्या पोरीला सत्तावीस आणि माझ्या नातीला नऊ? हा माणूस मनाला येईल तसे गुण वाटतो! दगड तपासणाऱ्याला काय कळतं शिकवण्यातलं! वर्ग बंद करा. ठराव आधीच लिहून आणलेला, शाई-टाक शेजारी.

कमिटीतले एक म्हातारे डॉक्टर म्हणाले, “निदान एकदा आपल्यासमोर परीक्षा होऊ दे.”

“होऊ दे!” अमलदार म्हणाले. “प्रश्न मी काढतो. वर्गात मी बसतो. मेष्टर बाहेर. पेपर इथंच, आमच्या डोळ्यांसमोर तपासायचे. गुण माझ्या उत्तरांशी जुळले नाहीत की सही!”

शनिवारी परीक्षा झाली. प्रश्न मुलींच्या वह्यांतूनच काढले होते, लोखंडाचा, पेल्याचा आणि असेच आणखी तीन. मेष्टर बाहेर कडुलिंबाखाली उभे, हात मागं. रमाबाईही आल्या होत्या, फाटकापाशी. हा वर्ग गेला तर या माणसाला परत खाण नाही, शाळाही नाही.

अमलदार शेवटच्या बाकावर बसले आणि त्यांनीही मुलींसारखाच कागद मागून घेतला. पेन्सिलीनं पाचही उत्तरं लिहिली. अक्षर मोत्यासारखं! कागद माझ्या हातात देऊन म्हणाले, “ए तुळसा, ही अचूक उत्तरं. मेष्टरांनी दिलेले गुण नंतर याच्याशी ताडून बघू. नीट ठेव.”

मी नीट ठेवला. त्यावर नंबर घातला, यादीत नाव लिहिलं आणि ढिगात मधोमध ठेवला.

मेष्टर आत येऊन टेबलाशी बसले. कागद मोजले. परत मोजले. तिसऱ्यांदा मोजले. मुली सोळा, कागद सतरा. त्यांनी मान वर करून माझ्याकडे एकदा पाहिलं. मी खिडकीबाहेर कावळा बघत होते. त्यांनी पहिला कागद उचलला.

दोन तास त्यांचा टाक चालला होता.

मग डॉक्टरांनी गुणांचा तक्ता वाचायला घेतला, नुसते नंबर. “तीन नंबर, अठ्ठावीस.” ती गौरी होती, मला माहीत. “सात नंबर, चोवीस.” ती इंदिरा! या वेळी पोरीनं आजोबांच्या डोळ्यांदेखत स्वतःचं उत्तर लिहिलं होतं. मला हुंदका आला, मी खोकल्यासारखं केलं.

“चौदा नंबर,” डॉक्टर थांबले. “तीसपैकी सहा. शेरा आहे. ‘अक्षर उत्तम. पाठांतर भरपूर. आयुष्यात एकदाही तागडी हातात घेतलेली नाही. पहिल्यापासून शिकवावे.’”

अमलदार ताडकन उठले. टाक शाईत बुडवलेला, ठरावाचा कागद समोर ओढलेला.

“बघा! हेच मी वर्षभर सांगतोय! असल्या मठ्ठ डोक्यांना शास्त्र कशाला? सहासुद्धा जास्त दिलेत, मेष्टर! इथं मात्र तुम्ही बरोबर तपासलंत, मी सर्वांसमक्ष मान्य करतो. आता नाव कळू दे. हिच्या बापाला मी स्वतः जाऊन सांगतो, घरी बसवा म्हणून. ए तुळसा, वाच यादी. मोठ्यानं!”

मी चार यत्ता शिकलेली. यादी उघडली, चौदा नंबरावर बोट ठेवलं आणि नाव वाचलं.

मोठ्यानं. पदवीसकट.