रंगारीमामांनी आणलेलं भूत

रंगारीमामांनी मला फसवलं. मामांना हाताशी धरून मी माझ्या थोरल्या बहिणीच्या, आक्काच्या घरमालकाला फसवलं. आक्कानं कोणालाच फसवलं नाही, आणि भोगते आहे ती एकटी.

मामा माझे नात्यानं कोणी नव्हते. त्यांचं घराणं म्हैसूरमध्ये पिढ्यानपिढ्या कापड रंगवणारं आणि छापणारं. तो धंदा बसला, तेव्हा मामांकडे दोनच विद्या उरल्या, रंग आणि भुतं. मी कराडहून इथं रिकाम्या हातानं आलेला, जुन्या घरांच्या सागवानी चौकटी विकून उभा राहिलेला माणूस. आवाज चढवल्याशिवाय मला सौदा जमत नाही. मामांचा आवाज कधी चढला नाही. ते भुताची गोष्ट सांगत ती भर दुपारी, जेवणानंतर, सुपारी कातरत. "रात्री कोणीही घाबरवतो, कराडकर. उन्हात घाबरवून दाखवा, नोडोणा, बघू या."

एकदा आक्काच्या खानावळीत जेवणाऱ्या पुण्याच्या चार इंजिनिअर पोरांना घेऊन ते तलकाडला गेले. मीही होतो. वाळूखाली देवळं आहेत, कान लावला तर घंटा ऐकू येते, असं सांगून मामांनी त्यांना तापल्या वाळूवर आडवं केलं. चौघांनाही घंटा ऐकू आली. एकाच्या कानाला फोड आला. परतताना मामा मला हळूच म्हणाले, "कान भाजला की घंटा वाजते अप्पा, देऊळ असो नसो." मी पोट धरून हसलो. इतका गोड माणूस मी दुसरा पाहिला नाही.

कोणत्याही घरात शिरताना चपला काढता काढता ते विचारत, "इल्ली यारु सत्तरु? इथं कोण गेलं?" लोक चिडत, पण सांगत. आक्कालाही त्यांनी हेच विचारलं होतं. आमटी वाढता वाढता ती म्हणाली, "माझी मिनी. सहा वर्षांची होती. तापानं गेली, त्या पलीकडच्या खोलीत." मग ती बराच वेळ बोलत राहिली. मामांनी अडकित्ता खाली ठेवला आणि डोळे पुसले. ते अश्रू खोटे नव्हते, हेच मला आजही खुपतं.

पुढं मालकानं ते घर विकायला काढलं. आक्का अकरा वर्षं तिथं भाड्यानं राहून खानावळ चालवत होती. दुसऱ्यानं घर घेतलं असतं तर ती रस्त्यावर आली असती, आणि मालक मागत होता ती किंमत माझ्या आवाक्यात येईना. मी मामांना म्हणालो, "घरात भूत आहे एवढं पसरवा. कोणतंही चालेल."

"कोणतंही चालत नाही," मामा म्हणाले. "परक्या भुताला माणूस हाकलतो. ओळखीच्याला दार उघडतो."

मी ते त्यांचं नेहमीचं बोलणं समजलो.

दसऱ्याला इथं घरोघरी बाहुल्या मांडतात, त्या मांडायच्या म्हणून आक्कानं त्या खोलीची भिंत बोअरच्या पाण्यानं पुसायला घेतली. भिंत ओली झाली तसे तिच्यावर काळे पंजे उमटू लागले. लहान मुलाचे, कमरेच्या उंचीवर. घर पाहायला आलेलं एक कुटुंब दारातूनच परत फिरलं, आणि आठवड्याभरात मालक मी सांगितलेल्या किमतीला तयार झाला. मी खूश होतो. आक्का भिंतीवर हात ठेवून उभी होती. "मिनीचाच रे," ती म्हणाली. "करंगळी बघ, तशीच वाकडी."

मी मामांना गाठलं. ते लपवायच्या फंदात पडले नाहीत. "हिरड्याचं पाणी. वाळलं की दिसत नाही. बोअरच्या पाण्यात लोखंड आहे, ते लागलं की काळं पडतं. आमच्यातल्या शेंबड्या पोराला ठाऊक असतं."

"आणि करंगळी?"

"ती आक्कानंच सांगितली होती. लाकडात कोरायला दोन दिवस गेले. ठसा नीट उतरलाय ना, अल्वा?"

मी त्यांची गचांडी धरली. दुसऱ्या दिवशी ते नंजनगूडला मुलीकडे निघून गेले. फोन उचलत नाहीत.

घर आमचं झालं. खानावळ बंद पडली, कारण लोकांच्या आवाजानं मिनी दचकते, असं आक्का म्हणते. त्या भिंतीला ती रंग लावू देत नाही. रोज तिथं वरणभाताची ताटली ठेवते. मी सगळं सांगून पाहिलं, हिरडा, लोखंड, ठसा. तिनं शांतपणे ऐकून घेतलं. "तू सौद्यासाठी काहीही बोलतोस," ती म्हणाली. "मामा म्हणाले तर मानेन."

तेव्हा मामांनी यावं. नंजनगूडहून बसला तासही लागत नाही. तो ठसा बरोबर आणावा, त्या भिंतीसमोर बसावं आणि आपण काय केलं ते आक्काला आपल्या तोंडानं सांगावं. मी काय सांगितलं होतं, तेही सांगावं, मी नाही म्हणणार नाही. ते ऐकताना तिची मिनी दुसऱ्यांदा जाईल. तेव्हा तिच्याशी काय बोलायचं, हेही मामांनीच मला सांगावं. सांगा, मामा.