आजोबांनी पाहिलेला इंग्रजी सिनेमा

वाफेच्या इंजिनाचा धूर टीव्हीच्या काचेवर पसरला आणि शारजात वाढलेल्या, आगगाडी कधी डोळ्यांनीही न पाहिलेल्या मला कोळशाचा वास आला... खरं तर स्वयंपाकघरात आई सुका बांगडा भाजत होती.

अल नहदातल्या आमच्या फ्लॅटमधली ती शुक्रवारची दुपार. बाहेर ऊन रणरणत होतं, एसी घरघरत होता, आणि पडद्यावर महायुद्धाआधीचा एक ब्रिटिश हेरपट – सीमेकडे धावणारी गाडी, धुक्यात हरवलेले रूळ, दुसऱ्याच्या नावाने प्रवास करणारा एक अबोल इसम. नऊ वर्षांची मी इतकी हरखले, की व्हीसीआरमध्ये होती त्याच कॅसेटवर सिनेमा उतरवून घेतला. नको तिथे माझी हुशारी!

ती कॅसेट कोरी नव्हती. कोकणात आजोबा अंथरुणाला खिळले होते आणि बाबांना रजा मिळत नव्हती. म्हणून मित्राचा कॅमेरा आणून, इस्त्रीचा शर्ट घालून, सकाळीच ते सोफ्यावर बसून आजोबांशी बोलले होते – समोरासमोर जन्मात बोलले नसते ते सगळं. त्या शब्दांवरून माझी आगगाडी धावून गेली. आमच्याकडे असल्या वस्तू पोस्टाने जात नसत, गावी निघालेल्या माणसाच्या बॅगेतून जात. संध्याकाळी शेजारचे सुर्वेकाका विमानतळावर निघाले, तेव्हा "यल्ला, उशीर होतोय" म्हणत बाबांनी कॅसेट काढून, गुंडाळून त्यांच्या हाती दिली. आठवडाभर मी माझा सिनेमा शोधत राहिले.

मग गावाहून काकूचा फोन आला. ऐकता ऐकता बाबा माझ्याकडे वळले.

"आय डिडन्ट नो, बाबा," एवढंच मी म्हणाले.

ते रागावले नाहीत. रागावले असते तर बरं झालं असतं. दुसरी कॅसेट करू म्हणाले... ती निघण्याआधीच आजोबा गेले.

आज बाबाही नाहीत. तो सिनेमा आता फोनवर सहज मिळतो, पण लावायला माझा हात धजत नाही. काकू त्या दिवशी काय म्हणाली, ते आईने मला बाबांच्या माघारी सांगितलं. आजोबांच्या खाटेशी टीव्ही आणून ठेवला होता. इंग्रजीचं अक्षर कळत नसताना त्यांनी सिनेमा पूर्ण पाहिला, कुणाला बंद करू दिला नाही. गाडी स्टेशनात थांबली, की मान उचलून उतरणाऱ्यांचे चेहरे न्याहाळायचे. शेवटी पडदा काळा झाला, काकू उठली, तेव्हा तिला म्हणाले,

"सूनबाई, मागच्या डब्यात असेल तो. अजून थोडं थांबू."