कवंडळाच्या वेलाचा पत्ता

मुलांनो, रविवारच्या व्हिडिओ कॉलवर तुम्ही विचारलंत, आजीचा ब्लॉग कोणी वाचत नाही, तर बंद करून टाकायचा का? प्रश्नाला लेखी उत्तर द्यायचं, हे आमच्या इंग्रजी शाळेने अंगात भिनवलं. म्हणून हे उत्तर, तेही ब्लॉगवरच.

माझ्या थोरल्या जाऊबाईंचं मत तुमच्यासारखंच होतं. पेडण्याच्या घरात मी लॅपटॉप उघडला की नारळ खवता खवता त्या विचारायच्या, "तुजा ह्यां वाचता कोण गो?" मी म्हणायचे, नातवंडं. त्या नुसत्या हसायच्या.

एका वर्षी चतुर्थीच्या आधी मी माटोळीवर लिहिलं. गणपतीच्या वर लाकडी चौकटीला रानातली फळं बांधतात, ती माटोळी. तुम्हांला कळावं म्हणून सगळं क्रमवार मांडलं: फळाचं नाव, रंग, कुठे मिळतं. लालबुंद कवंडळ आमच्या माटोळीत सासूबाईंच्या काळापासून कधी चुकलं नव्हतं. त्याच्यापुढे लिहिलं: कोरगावचा काजूचा डोंगर, पडक्या विहिरीच्या डावीकडे. आपल्याकडे वेलाची जागा माणूस सख्ख्या भावाला सांगत नाही. मी ती खुणेसकट जगाला सांगितली.

चतुर्थीच्या आदल्या दिवशी आम्ही दोघी पोचलो, तर वेल रिकामा. जाऊबाईंनी पान न् पान उलटून पाहिलं. मग शांतपणे म्हणाल्या, "गावलो एकदाचो वाचक तुका."

घरी येऊन पाहते, तर ब्लॉगखाली धारगळच्या एका बाईंनी आभार मानलेले. पत्ता अगदी बरोबर निघाला म्हणे. मी खाली लिहिलं की आमची माटोळी मात्र कवंडळावाचून राहिली आहे. संध्याकाळी बाई स्कूटरवरून दारात हजर. हातात दोन कवंडळं, चेहरा ओशाळलेला. आमच्या घराचा पत्ताही मी ब्लॉगवर दिलेला होताच. जाऊबाईंनी त्यांना करंज्यांसारख्या नेवऱ्या बांधून दिल्या आणि मला बजावलं, "आता नेवऱ्यांचो डबो खंय आसा, ता लिव नको."

पण त्यानंतर मी लिहायला बसले की त्या खुर्ची ओढून शेजारी बसू लागल्या. एकेका फळाची माहिती त्या सांगायच्या, मी टाइप करायचे. जागा वगळून.

जाऊबाई आता नाहीत. कोरगावच्या त्या जागेवर कुणाचा तरी बंगला झाला. तेव्हा ब्लॉग बंद करू नका. त्यांनी सांगितलेली सगळी फळं तिथे आहेत. आणि त्या दोन कवंडळांच्या बिया त्यांनी न्हाणीमागे पेरल्या होत्या, त्यांचा वेल अजून आहे.